सहा मिनिटांचा रस्ता

वय एक्केचाळीस, नोकरीला एकोणीस वर्षं झालेली, तरी घरात तिचं नाव बेबीच. चौथ्या वर्षी मोठा ताप आला, त्यात दोन्ही डोळे गेले, आणि घरच्यांच्या लेखी तिचं वय तिथेच थांबलं.

वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात ती टेलिफोनवर बसायची. लाईट गेले की माणसाची जीभ सैल सुटते. "अहो बाई, तासभर अंधारात बसलोय, हाताला हात दिसत नाही, तुम्हाला काय कळणार!" असं कुणी खेकसलं की बेबी शांतपणे म्हणायची, "कळतं हो. पत्ता सांगा." शेजारची ऑपरेटर तोंडाला रुमाल लावून हसायची. वायरमन लोक तर बेबीला वचकून असत. फोनवर एखादा "मॅडम, खांबावरच आहे" म्हणाला, तरी मागे कपबश्यांचा आवाज तिला बरोबर यायचा. "चहा संपवा आणि मग चढा," एवढंच ती म्हणायची.

अशा बाईला बढती मिळायला तसा उशीरच झाला. मिळाली ती बदली घेऊनच आली. मुख्य कार्यालय दुसऱ्या, मोठ्या शहरात होतं. तिथे तिला पाळीप्रमुख केलं होतं, हाताखाली आठ ऑपरेटर. आईने आधी आनंदाने रडून घेतलं, मग काळजीने. दादाने रडण्यात वेळ घालवला नाही. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, रस्त्यांच्या आणि पुलांच्या कामावर सुपरवायझर. त्याला काम नेमून दिलेलं आवडायचं, आणि बेबी हे त्याला लहानपणीच नेमून दिलेलं काम होतं. आठ दिवसांत त्याने घर शोधलंसुद्धा. शहरात नव्हे, शहराबाहेर पाऊण तासावरच्या उपनगरात.

"तळमजला आहे, जिन्याची भानगड नाही," तो जेवताना सांगू लागला. "गेटवर वॉचमन. आत गाड्यांची वर्दळ नाही. कंपनीची गाडी सकाळी दारातून उचलणार, संध्याकाळी दारात सोडणार. मालक माझ्या ओळखीचे. तुला काडीचा त्रास नाही."

"आणि हवा!" वहिनी म्हणाली. "काय हवा आहे तिथली! मी तर यांना म्हटलं, आपल्या बेबीचं नशीब बघा, आंधळा मागतो एक डोळा..."

पुढचे शब्द तिने गिळले. 

"देव देतो दोन," बेबी म्हणाली. "पुरी करा ना वहिनी. म्हण काही माझ्या मालकीची नाही."

वहिनी सुटल्यासारखी हसली. दादा हसला नाही.

"घर मी बघून ठरवीन," बेबी पुढे म्हणाली. "ते बघीन आणि शहरातलं एक बघीन. ऑफिसच्या मागच्या गल्लीत खोल्या मिळतात म्हणे."

"शहरात?" दादाचा घास हातातच राहिला. "तिथे डोळसांची त्रेधा उडते, बेबी."

"उडू दे की. मी माझं बघते."

दादाचा स्वभाव असा की वाद जिंकता आला नाही की तो गाडी काढायचा. पुढच्या आठवड्यात रजा टाकून तो तिला घेऊन निघालाच. आधी अर्थातच उपनगर. ते एकदा हिला दाखवलं की दुसरं बघायची वेळच येणार नाही, असा त्याचा हिशोब होता.

घर खरंच चांगलं होतं. बेबीने खोल्या हाताने तपासल्या. भिंती कोरड्या, नळाला जोर, स्वयंपाकघराचा ओटा तिच्या उंचीला नेमका. मागे छोटी बाग, ओल्या मातीचा वास. शेजारच्या बाई लगेच येऊन भेटल्या. आवाज गोड, हात मऊ. "काहीही लागलं तरी फक्त सांगायचं हं," त्या म्हणाल्या. जाईपर्यंत त्यांनी हे तीनदा सांगितलं.

"दुकान कुठे आहे?" बेबीने विचारलं.

"लांब आहे, पण त्याची तुम्हाला काय काळजी? मी आणीन ना."

बेबीने काठी उघडली. "दादा, तू इथेच बस. मी दुकानापर्यंत जाऊन येते."

दादा उठला. ती म्हणाली, "बस म्हटलं ना." तो बसला, पण खुर्चीच्या कडेवर, खुर्ची करकरली ते तिने ऐकलं.

बाहेर रस्ता होता, पण तो रस्ता तिला काही सांगेना. फुटपाथ नव्हता. एका बाजूला हिरवळ, दुसऱ्या बाजूला हिरवळ, आणि मधला डांबरी पट्टा हळूहळू वळत जाणारा, इतका हळू की वळण आलं कधी नि गेलं कधी हे पायांना कळू नये. भिंती दूर होत्या, त्यामुळे काठीचा आवाज परत येत नव्हता. दुकान नाही, काही ठोकणारा नाही, भांडणारं कुणी नाही. एक गाडी अगदी जवळून गेली, ती गेल्यावरच कळली. इंजिनाला आवाजच नव्हता. बेबी चारशे पावलं मोजून थांबली. परत फिरली, चारशे पावलं मोजली, आणि हात पुढे केला तर तिथे फाटक नव्हतं. काटेरी कुंपण होतं.

ती उजवीकडे गेली. पुन्हा कुंपण. डावीकडे गेली, तर हिरवळ लागली आणि संपेचना. हाक मारावी तर कुणाला? सगळे लोक आपापल्या बंद दारांच्या आत, छान हवेत बसले होते. वीस मिनिटं ती अशी फिरत राहिली. अनोळखी गर्दीत कधी फुटला नव्हता असा घाम त्या मोकळ्या रस्त्यावर तिला फुटला.

शेवटी वॉचमन धावत आला. त्याने न विचारता तिचं कोपर धरलं, पिशवी उचलतात तसं. "मॅडम, एकट्या कशाला बाहेर पडलात? आत चला, आत चला." तिने कोपर सोडवून घेतलं. घर तिथून पन्नास पावलांवर होतं.

"बघ," दादा म्हणाला, "वॉचमन किती तत्पर आहे."

 बेबी मनात हिशोब करत होती, या घरात राहून आठवड्यात किती वेळा 'जरा एवढं करता का' असं म्हणावं लागेल. ब्रेडला एकदा, औषधाला एकदा, टपालाला एकदा, उगाच चार पावलं फिरावंसं वाटलं तर एकदा. मोजता मोजता तिने सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी शहर. ऑफिसमागच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि दादाने काच उतरवली, तसा आवाजाचा लोंढाच आत आला.

"ऐकलंस?" दादा म्हणाला.

"ऐकते आहे," बेबी म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला.

"आता तू माझ्यामागे दहा पावलांवर राहायचं," ती उतरता उतरता म्हणाली. "मला हात लावायचा नाही, डावी-उजवी सांगायची नाही. तोंड उघडलंस तर घर मी एकटीने ठरवलं असं समज."

कोपऱ्यावर किल्ल्या करणारा बसला होता. त्याची कानस किरकिर ओरडत होती. त्याच्यापुढे बेकरी. भट्टीची ऊब थेट गालावर आली. मग लोखंडी जाळी, तिच्यावर काठी पडली की खणखणीत वाजायची. मग बँकेचं दार, उघडलं की पायांवर थंडगार झोत. मग टायरच्या दुकानाचा रबरी वास, आणि त्याला लागूनच जिना. फुटपाथ खडबडीत होता, एके ठिकाणी फरशी उखडलेली. पण त्याला कड होती, चांगली वीतभर उंच, आणि ती कड सरळ नाकासमोर जात होती. बेबीने एकदा पूर्ण गल्ली चालून पाहिली, मग उलटी चालली. तिसऱ्यांदा तिने ऑफिसच्या दारापासून घड्याळाची काच उघडून, काट्यावर बोट ठेवून वेळ मोजली. जिन्यापर्यंत सहा मिनिटं.

चौथ्या फेरीला हातगाडीवाला तिला धडकला. खोकी कोसळली, आणि तो गरजला, "आंधळी आहेस का गं?"

"हो," बेबी म्हणाली. "आणि तुम्ही?"

किल्लीवाल्याची कानस थांबली. हातगाडीवाल्याने बहुधा पहिल्यांदाच काठीकडे पाहिलं असावं. "आयला," तो पुटपुटला. मग खोकी उचलता उचलता म्हणाला, "मी डावीकडून येत असतो रोज. दहाला आणि चारला. तेवढं ध्यानात ठेवा." आणि गेला.

दादा धावत आला होता. "लागलं? इथे राहणार तू? इथे डोळे असलेला माणूस मरेल!"

"डोळेवालेच मरतात दादा. ते ऐकत नाहीत." तिने गुडघा चोळला. "त्याने मला काय विचारलं, ऐकलंस ना? तो कुणालाही हेच विचारतो. कालच्या बाईंनी मला तीनदा काय सांगितलं ते आठव, आणि मग मला सांग."

"त्या चांगल्या आहेत गं."

"चांगल्याच आहेत. म्हणून तर भीती वाटते."

खोलीची मालकीण निवृत्त नर्स होती. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, छोटं स्वयंपाकघर आणि गल्लीवर उघडणारी खिडकी. सिस्टरने दारातच उभं राहून नन्नाचा पाढा सुरू केला.

"गॅस तू पेटवणार?"

"वीस वर्षं पेटवते आहे."

"जिन्याला बत्तीस पायऱ्या आहेत."

"तेहेतीस. खालची एक अर्धी आहे."

सिस्टरने विषय बदलला. "पडलीस-झडलीस तर निस्तरायचं कुणी? म्हातारपणी मला हे लचांड नको."

"तुम्ही नर्स होतात ना?" बेबी म्हणाली. "जिन्यावरून पडून आलेले पुष्कळ पाहिले असतील. त्यातले आंधळे किती होते?"

सिस्टरने खरोखरच विचार केला. चाळीस वर्षांचे पेशंट तिच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. "एकही नाही," ती शेवटी म्हणाली. "सगळे धडधाकट. निम्मे प्यायलेले." मग आवाज कडक करून म्हणाली, "माझी एकच अट. तुझ्या घरच्यांनी माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

"ती अट मीच घालणार होते," बेबी म्हणाली.

करार करायला एजंट आला. त्याने कागद वाचून दाखवला आणि सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. "इथे अंगठा."

"मी सही करते."

"तुमच्या लोकांचा अंगठाच घेतात मॅडम. तशी पद्धत आहे."

"माझ्या लोकांचं मला माहीत नाही. मी सही करते. पट्टी घ्या आणि ओळीखाली धरा." एजंटाने दादाकडे पाहिलं असणार, कारण दादा घसा खाकरून म्हणाला, "बेबी, कशाला उगाच..."

"दादा, पट्टी तू धरतोस की मी यांना धरायला सांगू?"

दादाने पट्टी धरली. तिने एकेक अक्षर दाबून, वेळ घेऊन सही केली. सही चांगली आली.  घरी पोचून गाडीतून उतरताना दादा म्हणाला, "आपलं ते खरं केलंस. आता काही झालं तर मला फोन करू नकोस."

ते शब्द त्याचे त्यालाच लागले असावेत. पण तो हट्टी, आणि ती त्याचीच बहीण. पहिले दोन महिने बोलणं झालं ते आई आणि वहिनीमार्फत.

ते दोन महिने बेबीने सुखात काढले असं म्हणणं खोटं ठरेल. पहिल्या रविवारी तिला इतकं एकटं वाटलं की ती उगाचच तीन वेळा ब्रेड आणायला गेली. एकदा दूध उतू गेलं आणि हात भाजला. आवाजाने डोकं दुखायचं. पण ब्रेड आणायला ती गेली होती, आणि भाजलेला हातही तिच्याच चुलीवर भाजला होता. बेकरीवाली तिला आता आवाज न देता पाव पुढे करायची आणि बेबी वासावरून म्हणायची, "कालचा आहे, आजचा द्या." आठ ऑपरेटर तिला टरकून होत्या. सिस्टरकडे संध्याकाळी पत्त्यांचा डाव पडायचा. खुणा उठवलेले पत्ते बेबीने आणले होते, आणि आपल्याला फसवलं जातंय असा सिस्टरला पक्का संशय होता.

मग एका सकाळी ती खड्ड्यात पडली.

केबल टाकायला रातोरात गल्ली खणून ठेवली होती. कठडा नाही, दोरी नाही. बँकेच्या दाराची थंड हवा पायांना लागली, पुढचं पाऊल तिने रोजच्या भरवशाने टाकलं, काठी रिकामी गेली, आणि ती कमरेएवढ्या खड्ड्यात मनगटावर आदळली. किल्लीवाल्याने आणि टायरवाल्याने तिला वर काढलं. मनगट मोडलं होतं. हॉस्पिटलात सिस्टर बरोबर होती, तिथल्या नर्सना दर दोन मिनिटांनी झापत.

बातमी वहिनीला कळली, वहिनीकडून दादाला. संध्याकाळच्या आत तो दारात हजर.

"झालं समाधान?" तो म्हणाला.  "सामान बांध. ती जागा अजून रिकामी आहे, मी मालकांना फोन केलाय."

"मी येत नाही."

"हात मोडलाय तुझा!"

"गेल्या साली तुझा पाय मोडला होता. तुला कुणी पुलांच्या कामावरून काढून तळमजल्यावर ठेवलं का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? सांग ना. तोंडाने सांग."

दादा मटकन पलंगावर बसला.  मग तो अगदी हळू म्हणाला, "फोन वाजला की छातीत धस्स होतं गं. तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून. आई म्हणाली होती, हिचा हात सोडू नकोस. कधी सोडायचा ते तिने सांगितलंच नाही."

बेबी त्याच्याजवळ बसली.  "मलाही भीती वाटते दादा. आज फार वाटली. खड्ड्यात होते तेव्हा वाटलं, तुझंच बरोबर होतं. पण तिकडे, त्या कुंपणाशी, वीस मिनिटं फिरताना जे वाटलं होतं ना, ते याहून वाईट होतं. इथे मी पडले तर चार हात खाली आले. तिकडे मी पडलेच नसते, कारण मी बाहेरच पडले नसते." तिने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "मी घाबरत जगेन. पण जगेन. तू सोड आता."

 दादाने विचारलं, "कठडा नव्हता म्हणतेस? साधी दोरीसुद्धा नाही?" आवाज बदलला होता. हा भावाचा आवाज नव्हता, कामावरच्या सुपरवायझरचा होता. "असं चालतच नाही. दोन आडव्या पट्ट्या लागतात. वरची कमरेला, आणि खालची जमिनीपासून वीतभर. खालची नसली की काठी सरळ आत जाते."

"पुन्हा सांग," बेबी म्हणाली. "सावकाश. मला ते साहेबांना सांगायचंय. खणणारा ठेकेदार आमच्याच कंपनीचा आहे."

डॉक्टरांनी आराम सांगितला होता, तरी दुसऱ्या दिवशी ती तयार झाली. तेहेतीस पायऱ्या उतरली, आणि खालच्या अर्ध्या पायरीवर तिचे पाय थिजले. समोर रोजची गल्ली, रोजचे आवाज, आणि पाऊल उचलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागे जिन्यात बुटांची हलकी चाहूल होती.

"दादा, वर जा," ती न वळता म्हणाली.

चाहूल थांबली. मग एकेक पायरी वर गेली. वरचं दार लागल्याचा आवाज तिने नीट ऐकला, काठी डाव्या हातात घेतली आणि रस्त्यावर उतरली. त्या दिवशी सहाच्या जागी तिला एकोणीस मिनिटं लागली.

ऑफिसात पोचताच तिने स्वतःच्याच केंद्रात तक्रार नोंदवली. ज्या ऑपरेटरने ती घेतली, तिने नियमाप्रमाणे विचारलं, "तक्रारदाराचं नाव, मॅडम?" "लिही. तुला माहीत आहे." मग तिने ठेकेदाराच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, बघतो. ती दर तासाला फोन करू लागली. 'बघतो' म्हणणाऱ्या माणसांशी बोलण्याचा तिला एकोणीस वर्षांचा अनुभव होता. दादा दोन दिवस राहून घरी परतला. जाताना त्याने उपनगरातल्या घरमालकांना फोन केला आणि जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. हे त्याने बेबीला सांगितलं नाही. सिस्टरने ते दारातून ऐकलं आणि पत्ते वाटताना सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी कठडा आला. बेबी कामावर निघाली होती तेव्हा दोन मजूर तो ठोकत होते.

"झालं बघा मॅडम," त्यांचा मुकादम म्हणाला. "आता चिंता नको. या, मी तुम्हाला पलीकडे सोडतो."

बेबीने काठी पुढे केली. काठी काही न लागता सरळ आत गेली. मग काठी काखेत धरून तिने प्लास्टर नसलेला हात वरच्या पट्टीवर ठेवला आणि जोर लावून हलवून पाहिली.

"ही डुगडुगतेय," ती म्हणाली. "आणि खालची पट्टी कुठे आहे?"

"खालची कशाला?"

"काठीला. जमिनीपासून वीतभर." तिने काठी भिंतीला टेकवली, पायावर पाय टाकून बँकेच्या पायरीवर बसली आणि घड्याळाच्या काट्यांवर बोट फिरवलं. "माझ्याकडे पंचवीस मिनिटं आहेत. ठोका."

मुकादम काहीतरी पुटपुटला. मग थोड्या वेळाने लाकडावर पहिला हातोडा पडला.